नाजूक पोटाचे कुत्रे दत्तक घेताना

निवाऱ्यातल्या कुत्र्याच्या फायलीत ‘पोट नाजूक’ हा शेरा इतक्या सहजपणे लिहिलेला असतो, की वाचणाराही तितक्याच सहजपणे पुढचे पान उलटतो. आमच्या ठकीच्या फायलीतही तो होता. ती तेव्हा सुमारे तीन वर्षांची, १४ किलो वजनाची, तांबूस रंगाची, कानाला नसबंदीची खाच असलेली गावठी कुत्री होती. पिल्लू असताना ती पार्व्हो या आतड्याच्या विषाणूजन्य आजारातून वाचली होती आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तिला जुलाब होत असत. तिला पुण्यात आमच्या घरी आणून आता पाच वर्षे होतील. एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आहे, ती म्हणजे अशा कुत्र्याच्या पोटाला जुन्या आजारापेक्षा घरातल्या अनेक प्रेमळ हातांचा त्रास जास्त होतो. पुढे दिलेली बरीचशी पावले त्या हातांना आवर घालण्यासाठीच आहेत.

पहिले पाऊल : आजाराचे नाव विचारा

‘पोट नाजूक’ हे निदान नव्हे. त्यामागे जंत असू शकतात, जिआर्डियासारखा परजीवी असू शकतो, एखाद्या अन्नाचे वावडे असू शकते, आतड्याला कायमची सूज असू शकते, स्वादुपिंड पुरेसे पाचकरस तयार करत नसल्याची शक्यता असते, किंवा पार्व्होने एकदा खरवडून काढलेले आतडे पूर्वीसारखे भरून आलेले नसते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सहसा औषधाच्या एक-दोन फेऱ्यांत संपतात. पाचकरसांची कमतरता मात्र जन्मभर सांभाळावी लागते आणि प्रत्येक जेवणात एन्झाइमची पूड मिसळावी लागते; हा आजार जर्मन शेफर्ड जातीत विशेष दिसतो. म्हणून दत्तकपत्रावर सही करण्यापूर्वी जुने कागद मागून घ्यावेत आणि त्यांत तपासणीचे अहवाल आहेत की नुसत्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, हे पाहावे.

कार्यालयात विचारून झाले, की जो माणूस रोज वाटी भरतो त्याला गाठावे. ठकीविषयी सगळ्यात उपयोगी माहिती मला तिथल्या मदतनीस मावशींनी दिली. जुलाब नेहमी पाहुणे येऊन बिस्किटे वाटून गेले, की दुसऱ्या दिवशी होत असत, असे त्यांनी सांगितले, आणि हे कोणत्याही कागदावर नव्हते. त्यांना विचारायचे ते असे: सध्या नेमके कोणते खाणे, किती आणि दिवसातून किती वेळा दिले जाते, त्रास सुरू झाला की किती दिवस टिकतो, त्या काळात भूक असते की नाही, जंताचे औषध शेवटचे कधी दिले, आणि गेल्या तीन महिन्यांत वजन घटले का. वजनाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. शी अधूनमधून पातळ होत असली तरी वजन टिकून असेल, तर अन्न अंगी लागते आहे असे समजावे. भरपूर खाऊनही बरगड्या दिसत असतील, तर आजार खोलवरचा असण्याची शक्यता वाढते.

शीबद्दल विचारताना संकोच करू नये. मोठ्या प्रमाणात पातळ शी होणे आणि सोबत वजन घटणे हे सहसा लहान आतड्याच्या बिघाडाचे लक्षण असते. थोडी थोडी पण वारंवार शी होणे, कुंथणे, आव पडणे, शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब दिसणे हे मोठ्या आतड्याचे. ‘उलटी करते’ असे कोणी म्हणाले, तर पोट आत ओढून जोर लावून उलटी होते की मान खाली घालताच न पचलेले अन्न सहज बाहेर पडते, हेही विचारावे. दुसऱ्या प्रकारात दोष पोटाचा नसून अन्ननलिकेचा असू शकतो आणि त्याची काळजी घेण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

शक्य असल्यास आधी दोन-तीन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरते सांभाळायला, कुत्रे घरी आणावे, आणि जमले नाही तर निवारा ते परत घेईल का, हे लेखी ठरवून घ्यावे. यात कसलाही कमीपणा नाही.

दुसरे पाऊल : खर्चाचा हिशेब

साधारण १५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे २०० ग्रॅम कोरडे खाणे लागते, म्हणजे महिन्याला सहा किलोच्या आसपास. डॉक्टरांनी सुचवलेले औषधी खाणे साध्या खाण्यापेक्षा बरेच महाग असते. आपल्या शहरात ते कोणत्या दुकानात कायम मिळते आणि त्याची सहा किलोंची किंमत काय, हे आधीच पाहून ठेवावे. पाळीव प्राण्यांच्या विम्यातून आधीपासून असलेले आजार सहसा वगळलेले असतात, त्यामुळे विम्यावर विसंबून राहू नये.

तिसरे पाऊल : घर तयार करा

कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि पायाने उघडणारा असावा. खरकटे ओट्याच्या कडेला ठेवण्याची सवय मोडावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात, पोट नाजूक असो वा नसो. आमटी-भाजीच्या रश्शात भात कालवून देण्याची आपल्याकडची रीत नेमकी इथेच अडते, कारण त्या रश्शात कांदा-लसूण हमखास असतो.

आणखी एक सावधगिरी पार्व्होसंबंधी आहे. आणलेले कुत्रे नुकतेच पार्व्होतून उठलेले असेल, तर बरे दिसू लागल्यानंतरही दोन-तीन आठवडे त्याच्या शीतून विषाणू बाहेर पडू शकतो आणि तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. घरात किंवा इमारतीत लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू असेल, तर दत्तकाची तारीख पुढे ढकलावी. नेहमीच्या फिनेलवर या विषाणूसाठी भरवसा ठेवता येत नाही. जागा आधी साबणाने स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये, त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतो.

चौथे पाऊल : पहिले १४ दिवस काहीही बदलू नका

नव्या माणसांकडून सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निवाऱ्यात कुत्रे चिकन-भात खात असेल आणि तो आपल्याला निकृष्ट वाटत असेल, तरीही पहिले दोन आठवडे तोच चिकन-भात, तितकाच, त्याच वेळेला द्यावा. घर बदलले, वास बदलले, झोपायची जागा बदलली, या ताणानेच अनेक कुत्र्यांना पहिल्या आठवड्यात आव पडून पातळ शी होते. त्याच वेळी खाणेही बदलले, तर शी कशामुळे बिघडली हे कोणालाही सांगता येणार नाही. कुत्रे खेळते आहे, खाते-पिते आहे, उलटी नाही, रक्त नाही, तर एक-दोन दिवस पातळ शी झाली म्हणून घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना फोन करून कळवावे आणि लक्ष ठेवावे.

वाटी एकाच माणसाने भरावी. आमच्याकडे हे ठरले होते, तरीही पाचव्या दिवशी ठकीला पहाटे चार वाजता जुलाब सुरू झाले. चौकशीअंती कळले, की आईने तिला साय लावलेली पोळी दिली होती, मुलाने चीजचा तुकडा आणि शेजारच्या काकूंनी पेढा. प्रत्येकाने ‘एवढुसे’च दिले होते. प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि स्निग्ध पदार्थ एकदम पोटात गेले, तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, जी अतिशय वेदनादायक असते. त्या दिवशी दारावर आतून आणि बाहेरून एक कागद चिकटला : ‘मला खाऊ देऊ नका. मी फक्त वाटीतले खाते.’ काकू आठवडाभर रुसल्या होत्या. मग आम्ही त्यांना ठकीच्या ठरलेल्या खाण्यातलेच २० दाणे एका डबीत देऊन ठेवले; द्यायचे तर त्यातून द्या, आणि तेवढे संध्याकाळच्या वाटीतून कमी होतील. ही युक्ती आजतागायत चालू आहे. घरातल्या ज्येष्ठांना ‘देऊ नका’ असे सांगण्यापेक्षा ‘यातले द्या’ असे सांगितलेले लवकर पटते.

हे १४ दिवस उलटल्यावर दिवसाचे खाणे दोन मोठ्या वाट्यांऐवजी तीन-चार लहान वाट्यांत विभागून द्यावे. घाईघाईने गिळणारे कुत्रे असेल, तर पसरट ताटात खाणे पांगवून ठेवावे.

पाचवे पाऊल : वही

फ्रिजच्या मुठीला दोऱ्याने एक लहान वही बांधावी. त्यात रोज चारच गोष्टी लिहायच्या: काय खाल्ले, शी कितीदा आणि कशी, उलटी झाली का, आणि वेगळे काही. शीचे वर्णन प्रत्येकाचे वेगळे पडते, म्हणून पशुवैद्यक एक ते सात अशी मोजपट्टी वापरतात. तिच्यात १ म्हणजे सुक्या लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. २ किंवा ३ म्हणजे घट्ट, आकार असलेली, उचलली तर जमिनीवर फारसा डाग न ठेवणारी शी. घरातल्या सगळ्यांना हे आकडे एकदा समजावून सांगितले, की ‘आज जरा बरी होती’ यासारखी निरुपयोगी वाक्ये थांबतात. दर आठवड्याला वजनही लिहावे. कुत्र्याला उचलून आपण काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे.

‘वेगळे काही’ या रकान्यात पोट दुखत असल्याची बारीक चिन्हे येतात. ठकी रात्री दोनच्या सुमारास उठून ओठ चाटू लागे, घोट गिळल्यासारखे करी आणि अंथरुणाची कड चघळे. तिच्या मळमळीची ही सुरुवात असते हे वहीमुळेच तिसऱ्या महिन्यात ध्यानात आले. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवत, नमस्कार घातल्यासारखे कुत्रे बराच वेळ थांबले, तर लोक कौतुकाने फोटो काढतात. खेळायला बोलावतानाही कुत्री तसे करतात. पण शेपूट हलत नसेल, पोट ताठ असेल आणि चेहरा उतरलेला असेल, तर ती पोटदुखीची खूण असते.

सहावे पाऊल : डॉक्टर

पहिल्याच आठवड्यात, आजार नसतानाही, डॉक्टरांची एक भेट ठरवावी. सोबत जुने कागद, वही आणि शीचा ताजा नमुना घ्यावा. नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत, काही तासांच्या आतला असावा, आणि लगेच देता आला नाही तर डबी फ्रिजमध्ये वेगळ्या पिशवीत ठेवावी. जिआर्डिया रोजच्या रोज शीत उतरत नाही, म्हणून एका नमुन्यात काही सापडले नाही यावर समाधान न मानता तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासून घ्यावेत. आपल्याकडे सर्रास आढळणारा अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतो. त्याच्या अळ्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायांत शिरून त्वचेला त्रास देतात, त्यामुळे शी रोजच्या रोज उचलणे हे कुत्र्याच्या आणि घरातल्या लहान मुलांच्याही हिताचे आहे.

जंत आणि परजीवी नाहीत असे ठरले आणि त्रास तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याला जुनाट आजार समजून रक्ततपासणी, सोनोग्राफी, स्वादुपिंडाच्या पाचकरसांची चाचणी आणि बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी यांचा विचार केला जातो. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. तो भाग आजारी असेल तर ते घटते, आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीच्या उपचारांना पुरेसे यश येत नाही. लहान गावातल्या दवाखान्यात या सोयी नसतील, तर परळ, शिरवळ, नागपूर अशा ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करता येते.

औषधांबाबत दोन गोष्टी ठामपणे सांगाव्याशा वाटतात. जुलाब झाले की घरातल्या डब्यातली मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत फार बोकाळली आहे. तरतरीत कुत्र्याचे साधे जुलाब बहुधा प्रतिजैविकाशिवाय थांबतात. उलट अशा गोळीने आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते. दुसरे म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत, कारण त्यांनी जठरात जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

सातवे पाऊल : खाणे बदलणे

आता, घर अंगवळणी पडल्यावर, खाण्याला हात लावता येईल. साध्या कुत्र्याचे खाणे सात ते दहा दिवसांत बदलतात. नाजूक पोटाला दोन ते तीन आठवडे द्यावेत. चार-पाच दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, मग चार-पाच दिवस निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने आणि तीन भाग नवे. मध्येच शी ५ किंवा ६ वर गेली, तर एक पायरी मागे यावे आणि तिथे थांबावे.

जुनाट जुलाब असलेल्या अनेक कुत्र्यांना केवळ योग्य खाण्याने आराम पडतो, म्हणून डॉक्टर बहुधा आधी अन्नचाचणी सुचवतात. कुत्र्याने पूर्वी कधीच खाल्ले नाही असे एकच प्रथिन, किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले औषधी खाणे, याखेरीज काहीही द्यायचे नसते. आपल्याकडच्या बहुतेक निवाऱ्यांत चिकनच शिजत असल्याने ‘साधे उकडलेले चिकन’ अशा चाचणीसाठी चालत नाही. मासे किंवा बदक यांचा विचार होतो. पोटाच्या तक्रारींत फरक पडणार असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. मात्र चाचणी म्हणजे पूर्ण कडकपणा : चवदार जंताची गोळी, चघळायचे हाड, कुत्र्यांची टूथपेस्ट, एवढेच काय, बाळाच्या खुर्चीखाली सांडलेले कणसुद्धा तिला सुरुंग लावतात. आमची पहिली चाचणी फसली ती मांसाच्या चवीच्या गोळीने, आणि आम्ही उगाचच नव्या खाण्याला दोष देत बसलो.

चिकन-भात किंवा मीठ न घातलेली भाताची पेज चार दिवस पोट सावरायला चांगली आहे. पण कायमचे अन्न म्हणून ती अपुरी पडते, कारण तिच्यात कॅल्शिअम आणि इतर खनिजे पुरेशी नसतात. घरचेच खाणे द्यायचे असेल, तर पशुआहाराची जाण असलेल्या डॉक्टरांकडून मोजमापासह पाककृती लिहून घ्यावी. मोठ्या आतड्याच्या तक्रारीत उकडलेला लाल भोपळा किंवा थोडा इसबगोल उपयोगी पडतो, पण किती, हे विचारूनच. दहीभात अनेक कुत्र्यांना मानवतो, काहींना अजिबात नाही. ठकी दुसऱ्या गटातली निघाली, आणि आमच्या आईला ते अजूनही पटलेले नाही.

थांबायचे नाही अशी चिन्हे

पाणीही पोटात ठरत नाही. शी डांबरासारखी काळी आहे किंवा तिच्यात भरपूर रक्त आहे. हिरड्या फिक्या किंवा चिकट लागतात. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली तर हळूहळू खाली बसते. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर आहे. कुत्रे हाकेला उठत नाही : यांपैकी एकही दिसले तर वही शोधत न बसता दवाखाना गाठावा. पोट फुगून टणक झाले आहे आणि कुत्रे वारंवार कोरडे ओकते आहे, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो; तिथे तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व असते. पिल्लांच्या बाबतीत जुलाब-उलटी एकत्र आली की त्याच दिवशी जावे. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवावा.

पाऊस आणि सणवार

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, कोरडे खाणे दमट होऊन त्यावर बुरशी धरते आणि बुरशीचे विष यकृतावर घाव घालते. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून आणू नये. महिनाभर पुरेल एवढेच खाणे मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रस्त्यावरच्या डबक्यांतले पाणी पिऊ देऊ नये, त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. त्याची लस घेतली आहे का, हे फायलीत पाहावे.

सणांचे वेळापत्रक आम्ही वहीतच लिहितो. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत कोपऱ्याकोपऱ्यावर हाडे पडलेली असतात आणि त्या दिवशी ठकी आखूड पट्ट्याने, तोंडाला जाळी लावून फिरते. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात आणि आतड्यात अडकतात. पितृपंधरवड्यात कावळ्यासाठी गच्चीवर ठेवलेली खीर-वड्यांची पाने, गणपतीतले मोदक, दिवाळीतल्या चकल्या-करंज्या, या सगळ्यांत तूप-तेल भरपूर असते आणि पाहुणेही पुष्कळ असतात. त्या काही दिवसांत पाहुण्यांची गर्दी असताना कुत्र्याला वेगळ्या खोलीत ठेवणे हा मला सर्वांत कमी भांडणाचा मार्ग वाटतो.

गावाला जाताना

कुत्र्याला बोर्डिंगमध्ये किंवा नातेवाइकांकडे ठेवायचे असल्यास प्रत्येक जेवणाचे मोजलेले खाणे वेगळ्या पुडीत बांधून, त्यावर वार आणि वेळ लिहून द्यावी. दोन दिवसांच्या जास्तीच्या पुड्या द्याव्यात, कारण गाड्या उशिरा येतात. वहीच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांचा नंबर, चालू औषधांची मात्रा, वर्ज्य पदार्थ आणि शीच्या आकड्यांचा अर्थ लिहिलेला असावा. ठकी माझ्या बहिणीकडे राहते, तेव्हा रोज सकाळी मला फोनवर ‘तीन’ किंवा ‘चार’ एवढाच निरोप येतो.